आठ जीबी की सोळा? ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी

बारावीनंतर इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर किंवा ॲनिमेशनला प्रवेश मिळाला की बऱ्याच घरांत पुढची मागणी येते ती कॉम्प्युटरची, आणि त्यातला मोठा खर्च असतो ग्राफिक्स कार्डचा. बाबांना ते गेमचं खूळ वाटतं, मुलांना अभ्यासाची गरज वाटते. खरं सांगायचं तर दोघंही थोडे थोडे बरोबर असतात. पैसे मात्र एकदाच मोजायचे असतात. त्यामुळे इंदूरचा सिल्व्हर मॉल असो की सिकंदराबादचं चेनॉय ट्रेड सेंटर, दुकानाची पायरी चढण्याआधी एवढं वाचून घ्या.

मधल्या किमतीच्या कार्डांत सगळ्यात मोठी गफलत होते ती नावांची. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० हे कार्ड २०२१ मध्ये आलं, १२ जीबी मेमरी घेऊन. पुढच्याच वर्षी त्याच नावाचं ८ जीबीचं कार्ड बाजारात आलं. नुसती मेमरी कमी झाली असती तर एक वेळ चाललं असतं, पण मेमरीकडे जाणारा रस्ताही १९२ बिटचा १२८ बिट झाला, आणि सेकंदाला ३६० जीबीचा वेग २४० वर आला. नाव तेच. त्याआधी २०१६ मध्ये जीटीएक्स १०६० चंही तसंच: ६ जीबीच्या कार्डात १,२८० कोअर, ३ जीबीच्या कार्डात १,१५२. म्हणजे ‘३०६० आहे, स्वस्तात देतो’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. कुठलं ३०६०, ते विचारा.

२०२५ च्या आरटीएक्स ५०६० टीआय आणि एएमडीच्या आरएक्स ९०६० एक्सटी या कार्डांत प्रकार जरा बरा आहे. दोन्ही ८ आणि १६ जीबीत मिळतात, चिप तीच, फरक मुख्यतः मेमरीचा. जाहीर झाल्या तेव्हा किमती होत्या ५०६० टीआयच्या ३७९ आणि ४२९ डॉलर, ९०६० एक्सटीच्या २९९ आणि ३४९. दोन्हीकडे फरक ५० डॉलरचा.

हे पन्नास डॉलर द्यावेत का? कार्डाची मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. शेगडी कितीही दणकट असो, ओट्यावर जागा नसेल तर प्रत्येक डब्यासाठी फडताळाकडे धावावं लागतं. कार्डातली जागा संपली की ते कॉम्प्युटरच्या साध्या रॅमकडे धावतं, आणि गेम मध्येच अडखळतो. सरासरी फ्रेम रेट दिसायला ठीक असतो, म्हणून तक्त्यांत हे पटकन लक्षात येत नाही. ब्लेंडरमध्ये मोठा सीन असेल तर रेंडर रखडतो किंवा होतच नाही. शिवाय ही मेमरी बोर्डावरच जोडलेली असते, मागाहून वाढवता येत नाही. चार-पाच वर्षं वापरायचं असेल तर माझं मत १६ कडे झुकतं. फुल एचडी मॉनिटरवर व्हॅलोरंटसारखे हलके गेमच खेळायचे असतील, तर ८ जीबी पुरे. उगाच जास्त मोजू नका.

कंपनी कुठली, हे कामावर ठरवा. थ्रीडी रेंडरिंग किंवा एआयचा अभ्यास असेल तर एनव्हिडिया सोयीचं, कारण त्यातली बरीच सॉफ्टवेअर त्यांच्या ‘कूडा’वर बेतलेली आहेत. फक्त गेम असतील तर एएमडी त्याच पैशांत जास्त मेमरी देतं. इंटेलचं आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये १२ जीबीसह २४९ डॉलरला आलं. आकडे मोहक आहेत, पण त्याला मदरबोर्डमध्ये ‘रिसायझेबल बार’ची सोय लागते. दादाचा जुना पीसी सुधारायचा असेल तर ते आधी तपासा.

वॅट बघायला विसरू नका. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, ५०६० ला १४५, बी५८० ला १९०. चारशे रुपयांच्या बिननावाच्या पॉवर सप्लायवर असलं कार्ड लावणं म्हणजे जुन्या वायरिंगवर गीझर लावणं.

डॉलरच्या किमतीला आजच्या दराने गुणून दुकानदाराशी हुज्जत घालू नका. त्या किमतीत कर धरलेला नसतो; इथे १८ टक्के जीएसटी लागतो, वर आयातीचा खर्च आणि वितरकाचा नफा. तुलना करायची ती त्याच दिवशीच्या दोन-तीन दुकानांच्या पक्क्या बिलाच्या दरांची. तीन पंखे आणि रंगीबेरंगी दिवे यांनी आवाज आणि तापमान थोडं कमी होईल, पण आतली चिप दोन पंख्यांच्या कार्डाचीच असते. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तोच लागतो.

जुनं कार्ड घ्यायचं असेल तर ते चालू पीसीत लावून, अर्धा तास गेम चालवून मगच पैसे द्या. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डं बाजारात आली. त्यातली काही अजून ‘घरगुती वापर’ म्हणून फिरतात.

आणि टेबलावरचा मॉनिटर अजून साठ हर्ट्झचा असेल, तर कार्डाच्या बजेटमधून थोडे पैसे त्याच्यासाठी बाजूला ठेवा. सेकंदाला शंभर चित्रं काढणारं कार्ड आणून त्यातली साठच दिसायची, तर बाकीची कुणासाठी?