गाडीची दुखणी (९) : हीटरचा घात उन्हाळ्यात होतो

भिलाईत हीटरची आठवण सहसा कुणाला येत नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की पावर हाउस चौकातून जीई रोडला लागणाऱ्या प्रत्येकाला काळजी असते ती एसीची. हीटर आठवतो डिसेंबरात, मैनपाट नाहीतर अमरकंटकला निघालेल्या मंडळींना. पहाटे घाट चढताना समोरची काच धुरकटते आणि हीटर लावावा तर गार वारा! परतल्यावर गाडी गॅरेजात जाते, निदान होतं ‘हीटर गेला’. खरं तर हीटर बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो.

मागच्या भागात कूलंटचा फेरा पाहिला. हीटर त्याच फेऱ्यावर जगतो. इंजिनात तापलेलं कूलंट दोन होजांमधून डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरात, म्हणजे हीटर कोअरमध्ये, फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. इंजिनच तापलं नाही तर तो ऊब आणणार कुठून?

आणि आपल्याकडे नेमकं तेच होतं. गाडी तापते अशी तक्रार केली की अनेक मिस्त्री पहिल्यांदा थर्मोस्टॅट उपटतात. ‘निकाल दो साहब, यहाँ इसका क्या काम?’ हा थर्मोस्टॅट इंजिन साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत येईतो कूलंटची रेडिएटरकडची वाट अडवून धरतो. तो काढला की थंडीत मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा वर यायलाच तयार नसतो, हीटर कोमट राहतो आणि इंधनही जास्त जातं. बुजलेला रेडिएटर किंवा बंद पडलेला पंखा, ज्यामुळे गाडी मुळात तापत होती, तो मात्र जागच्या जागी! याला मी दुरुस्ती म्हणत नाही.

दुसरी सवय कूलंटऐवजी नळाचं पाणी भरण्याची. गंज आणि क्षार साचतात, आणि हीटर कोअरच्या नळ्या बारीक असल्यामुळे त्या लवकर बुजतात. कोअर गळायला लागला तर काही ठिकाणी दोन्ही होज एकमेकांना जोडून हीटर फेऱ्यातूनच बाद करतात. गाडी जुनी घेतली असेल तर बॉनेट उघडून हे आधी बघा.

तपासणी सोपी आहे. थंड इंजिनावर कूलंटची पातळी पाहा. कमी असेल तर हीटरमध्ये हवा अडकते. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण चुकूनही उघडू नका. मग गाडी वीसेक मिनिटं चालवा, इंजिन बंद करा आणि पंखा-पट्ट्यापासून हात जपत हीटरचे दोन्ही होज अलगद चाचपा. दोन्ही कोमट असतील तर संशय थर्मोस्टॅटवर. एक चटका देणारा आणि दुसरा गार असेल तर कोअर बुजलाय, किंवा वाटेतला व्हॉल्व्ह उघडत नाही. दोन्ही गरम आणि वारा तरीही गार, तर डॅशबोर्डातली गरम-थंड हवा मिसळणारी झडप अडकलीय. ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावर फिरत असेल तर त्याचा रेझिस्टर जळालेला असतो. तो भाग स्वस्त असतो, उगाच मोटर बदलू नका.

काचेवर चिकट थर आणि गाडीत गोडसर वास, म्हणजे कोअर गळतोय. कूलंट विषारी असतं, तेव्हा हे अंगावर काढू नये. मॅट ओली आहे पण पाण्याला रंग-वास नाही, तर बहुधा एसीची निचरा-नळी तुंबलीय.

काच पुसायला हीटर एकटा पुरत नाही. एसीही लावा, तो हवेतली ओल काढतो. आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद ठेवा. पावसाळ्यात उलटा प्रकार होतो. एसीने काच गार पडते आणि धुकं बाहेरून धरतं. तेव्हा वायपर फिरवा आणि काचेवरचा गार झोत वळवा.

मागच्या काचेवरच्या बारीक रेघा विजेवर तापतात. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातल्यावर कित्येकांनी फिल्म ब्लेडने खरवडली आणि तिच्याबरोबर या रेघाही गेल्या. फ्यूज आणि रिले ठीक असूनही एखाद्याच रेघेपुरती काच धुरकट राहत असेल, तर ती रेघ तुटलीय. चांदीचा वाहक रंग लावून ती जोडता येते.

पुढच्या आठवड्यात रेडिएटरचा पंखा. तोवर आपल्या मिस्त्रीला एवढं विचारून ठेवा : माझ्या गाडीत थर्मोस्टॅट आहे ना?