जुन्या तबकड्या, नव्या आवृत्त्या

आपल्या मंडळातील पाच-सहा सभासदांना ध्वनिमुद्रिका जमविण्याचा नाद आहे, हे बहुतेकांना ठाऊक आहे. डिचोली, साखळी, पेडणे असे विखुरलेले आम्ही लोक सवड मिळेल तेव्हा कुणाच्या तरी घरी एकत्र येतो आणि तबकड्या ऐकतो. गेल्या काही वर्षांत मात्र ऐकण्यापेक्षा वादच अधिक रंगू लागला आहे. वादाचा विषय एकच : जुन्या गाण्यांच्या ज्या नव्या व्हिनाइल आवृत्त्या बाजारात येत आहेत, त्या घ्याव्यात की घेऊ नयेत?

हा प्रश्न वीस वर्षांपूर्वी कुणी विचारला असता तर हसू आले असते. तबकडीचा काळ संपला, असे तेव्हा सर्वांनीच धरले होते. प्रत्यक्षात २०२२ साली अमेरिकेत व्हिनाइल तबकड्यांची विक्री नगांच्या हिशेबाने सी.डी.पेक्षा जास्त झाली. १९८७ नंतर असे प्रथमच घडत होते. आपल्याकडे तबकड्या छापणे कधीच बंद पडले होते, त्यामुळे बऱ्याच नव्या आवृत्त्या परदेशात छापून येत. २०२४ मध्ये मुंबईत पुन्हा छपाई सुरू झाली. एका नव्या एल.पी.ला दोन-तीन हजार रुपये सहज पडतात. तेवढ्या पैशांत चोरबाजारात किती जुन्या तबकड्या येतात, याचा हिशेब आमचे पेडण्याचे निवृत्त सर्जन दर बैठकीत न चुकता मांडतात.

त्यांचा पक्ष स्पष्ट आहे. जुनी तबकडी हा मूळ दस्तऐवज, नवी आवृत्ती ही त्याची सजविलेली नक्कल. आमच्यातील एका बालरोगतज्ज्ञांचे मत नेमके उलट : गाणे ऐकायचे असेल तर स्वच्छ ऐकावे, खरखर ऐकण्यासाठी कपाट भरू नये. दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही.

या वादात आम्ही वारंवार ज्या उदाहरणाकडे वळतो, ते आपल्या गोव्याचेच आहे. सूरश्री केसरबाई केरकर यांचा जन्म १८९२ सालचा, फोंडा तालुक्यातील केरी गावचा. (पेडण्यातही एक केरी आहे आणि सत्तरीतही, त्यामुळे आमच्या भागातील उत्साही मंडळी बाईंवर अधूनमधून हक्क सांगतात. तो मान फोंड्याचाच.) अल्लादियाखाँसाहेबांच्या या शिष्येने ध्वनिमुद्रणाबाबत कायम हात राखून ठेवला. जे थोडे मागे उरले, त्यातील भैरवीतील ‘जात कहाँ हो’ ही तीन-साडेतीन मिनिटांची चीज १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण तबकडीसाठी निवडली गेली. रॉबर्ट ब्राउन या संगीतशास्त्रज्ञाने तिचा आग्रह धरला होता.

पुढची हकीगत संग्राहकांनी मनात जपून ठेवावी अशी आहे. चीज ठरली, पण तबकडी मिळेना. ती केव्हाच बाजारातून गेली होती. कार्ल सेगन यांच्या गटातील ॲन ड्रुयन यांनी न्यूयॉर्कभर शोध घेतला, तेव्हा लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवरील एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, कापड टाकलेल्या एका टेबलाखाली, तिच्या तीन कोऱ्या प्रती सापडल्या. ५ सप्टेंबर १९७७ रोजी व्हॉयेजर-१ निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. आज ते यान सूर्यमालेच्या प्रभावक्षेत्रापलीकडे, आंतरतारकीय अवकाशात आहे. यंत्रसामग्रीच्या ढिगाऱ्यात एखाद्या दुकानदाराने तीन प्रती विकल्याविना ठेवल्या नसत्या, तर कदाचित त्या जागी दुसरेच काही गेले असते.

याच सुवर्ण तबकडीची २०१७ साली व्हिनाइलवर नवी आवृत्ती निघाली. आदल्या वर्षी लोकवर्गणीतून तिच्यासाठी दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली होती. दहा हजारांवर लोकांनी पैसे दिले. सोनेरी रंगाच्या तीन तबकड्या, सोबत पुस्तक, आणि पुढे २०१८ मध्ये वेष्टन-मांडणीसाठी ग्रॅमी पुरस्कार. आमच्या सर्जनसाहेबांनी त्यावर एकच शेरा मारला : “पुरस्कार खोक्याला मिळाला, गाण्याला नाही.” शेरा चुरचुरीत आहे, पण मला तो अपुरा वाटतो. त्या आवृत्तीसाठी कर्त्यांनी मूळ फितींपर्यंत जाऊन ध्वनी घेतला होता. नव्या आवृत्तीचे मोल ठरते ते इथे : तिचा उगम कोणता?

जुन्या काळी चुंबकीय फीतच नव्हती. गाणे मेणाच्या चकतीवर कोरले जाई, त्यावरून धातूचा साचा बने आणि त्या साच्यातून लाखेच्या तबकड्या दाबून काढल्या जात. हा धातूचा साचा नाहीसा झाला असेल, तर त्या गाण्याची ‘मूळ प्रत’ म्हणजे कुणाच्या तरी माळ्यावर पडलेली तबकडीच. म्हणजे नव्या आवृत्तीवाले आणि जुन्या तबकडीवाले हे परस्परांचे विरोधक नाहीतच. एकाचा माल दुसऱ्याच्या कपाटातून येतो. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने आणि तिचे डॉ. सुरेश चांदवणकर यांनी हे फार आधी ओळखले, आणि तबकड्यांबरोबरच त्यांच्या नोंदी जपण्याचा आग्रह धरला.

आता स्वच्छतेविषयी. वैद्यकीय वाचकांना हे चटकन पटेल. ई.सी.जी. काढताना रेषा थरथरते म्हणून आपण फिल्टर लावतो. जास्त कडक फिल्टर लावला की रेषा सुबक दिसते, पण क्यू.आर.एस.मधील बारीक खाचही पुसली जाते आणि एस.टी. भागाचाही भरवसा राहत नाही. खरखर काढताना तेच होते. वरच्या कंप्रता छाटल्या की तंबोऱ्याची जवारी जाते, आणि गायिकेच्या आवाजाची धारही तिच्याबरोबर जाते. काही आवृत्त्यांतील आवाज मला कापसात गुंडाळल्यासारखा वाटतो. बालरोगतज्ज्ञ म्हणतात, हा कारागिराचा दोष झाला, पद्धतीचा नव्हे. मान्य. परंतु दोन-तीन हजार मोजणाऱ्याला तो कारागीर कोण होता हे वेष्टनावर वाचायला मिळाले पाहिजे.

गतीचा मुद्दा याहून नाजूक आहे. ‘७८ फेऱ्यांची’ म्हणून ओळखली जाणारी प्रत्येक जुनी तबकडी खरोखर ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेली असतेच असे नाही. समजा ती ८० फेऱ्यांवर मुद्रित झाली आणि आपण ७८वर वाजविली, तर स्वर उतरतो. किती? पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतराच्या निम्म्याहून किंचित कमी. ऐकणाऱ्याला ‘बाईंचा आवाज आज जड लागला’ असे वाटावे एवढे ते पुरते. नवी आवृत्ती काढणाऱ्याने हे तपासले नसेल, तर ती चूक हजारो प्रतींत कायमची कोरली जाते.

जुन्या तबकडीच्या भक्तांनाही दोन शब्द सांगायला हवेत. लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते. तिला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येचे सुईचे टोक लागते, तर एल.पी.ला २५ मायक्रॉनचे किंवा त्याहून बारीक. एल.पी.ची सुई लाखेच्या खाचेत तळाशी लोळते आणि फक्त धूळ ऐकवते. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई तर दर बाजूला बदलायची असते. ती न बदलता हौसेने पाहुण्यांना गाणी ऐकविणारे तबकडीचा जीव घेत असतात. आणि सर्वांत महत्त्वाचे : आपल्या दवाखान्यात स्पिरिटचा बोळा सदैव हाताशी असतो. लाखेच्या तबकडीला तो लावू नये. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. ऊर्ध्वपातित पाणी, सौम्य साबणाचे दोन-चार थेंब, मऊ ब्रश, आणि मधला कागद कोरडा ठेवणे, एवढे पुरे. आपल्या पावसाळ्यात कागदी पाकिटांना बुरशी धरते, ती तबकडीवर उतरते, म्हणून पाकिटे बदलणे हेही आलेच.

गेल्या वर्षी हा सारा वाद पुस्तकी राहिला नाही. पेडणे तालुक्यातील एका घरातून निरोप आला : माळा रिकामा करायचा आहे, दोनेकशे तबकड्या आहेत, भंगारवाला वजनावर न्यायला तयार आहे, यांची किंमत काय ते सांगा. पूर्वी मुंबईस नोकरीला असलेल्या कुणा आजोबांनी सुटीत येताना एकेक करून त्या आणल्या होत्या. आम्ही चौघे गेलो. सर्जनसाहेबांना सगळ्या घ्यायच्या होत्या. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, यातील अर्धी गाणी आज सहज उपलब्ध आहेत, ओझे कशाला? घरातील वृद्ध काकी म्हणाल्या, “डॉक्टर, तुमी पैशांचें मागीर पळयात. हांगा कोणाचो आवाज आसा तें पयलीं सांगात.”

मला त्यांचाच प्रश्न योग्य वाटला. बाजार जे पुन्हा छापतो ते खपणारे असते. चित्रपटगीते आणि मोठी नावे आधी येतात, त्यात गैर काही नाही. पण डिचोलीचे प्रसाद सावकार यांची नाट्यगीते, किंवा ज्यांची नावेही आता कुणाला आठवत नाहीत अशा गोमंतकीय गायिकांच्या एकेरी तबकड्या, यांच्यासाठी कुणी सोनेरी खोके काढणार नाही. मालपे गावच्या अंजनीबाई मालपेकरांना १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली, तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला. आम्हा सहाजणांपैकी एकाच्याही कपाटात त्यांचा आवाज नाही. कायद्याने ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे असतो, म्हणजे बहुतेक लाखेच्या तबकड्या त्या बंधनातून मोकळ्या झाल्या आहेत (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचा हिशेब वेगळा). अडचण उरते ती तबकडी शाबूत मिळण्याची.

शेवटी ठरले ते असे. तबकड्या त्या कुटुंबाच्याच मालकीच्या राहतील. यंदा आम्ही सहाजणांनी नव्या आवृत्त्यांसाठी बाजूला ठेवलेली रक्कम योग्य सुई, नवी पाकिटे आणि ध्वनी उतरवून घेण्याच्या यंत्रासाठी वापरायची. बालरोगतज्ज्ञांनी कुरकुर केली आणि यंत्र मात्र स्वतःच्या घरी बसवून घेतले. त्यांची एक अट सर्वांनी मान्य केली : खरखरीसकट, कोणताही फिल्टर न लावता एक प्रत आधी ठेवायची, साफसफाई दुसऱ्या प्रतीवर. आतापर्यंत साठेक तबकड्या झाल्या आहेत. सहा फुटलेल्या निघाल्या, अकरांवरील कागद वाचता येत नाही. त्यांतील एका स्त्रीचा आवाज कुणाचा, यावर तीन बैठका झाल्या तरी एकमत नाही. काकींना तो आम्ही दोनदा ऐकविला. पहिल्यांदा त्या गप्प राहिल्या, दुसऱ्यांदा म्हणाल्या, नाव आठवल्यास कळवीन.

उरलेल्या पेट्या पावसापूर्वी उतरवायच्या आहेत. ज्या सभासदांच्या घरी अशा तबकड्या असतील त्यांनी त्या उभ्या ठेवाव्यात, एकमेकींवर रचू नयेत, आणि कागदावरचे अक्षर दिसत असेल तर त्याचे छायाचित्र तेवढे आमच्यापैकी कुणाकडेही पोहोचवावे.