मोज्याला पाढे येत नाहीत

जुना पायमोजा घ्या, दोन बटणं शिवा, हात घाला आणि तिसरीच्या वर्गात उभे राहा. आत बाईंचा हात आहे हे पोरांना पक्कं ठाऊक असतं. बाईंचे ओठ हलतानाही दिसतात. तरी पोरं बोलतात कुणाशी? मोज्याशी!

हे होतं कसं? १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक छोटी फिल्म दाखवली. पडद्यावर सरकणारे दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ, बस. ना डोळे, ना तोंड. पण बघणारे सांगू लागले, मोठा त्रिकोण दांडगट आहे, वर्तुळ घाबरलंय! नुसत्या हालचालीत आपण मन शोधतो. मोज्याला तर डोळेही आहेत.

आवाजाची त्याहून मजा. कान म्हणतो, बाई बोलतायत. डोळा म्हणतो, तोंड मोज्याचं हलतंय. या भांडणात बहुधा डोळाच जिंकतो. शब्दभ्रमकार पाध्ये पिता-पुत्रांच्या अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याने महाराष्ट्राला हसवलं ते याच जोरावर.

कसब मात्र अंगठ्यात. अंगठा म्हणजे बाहुल्याचा खालचा जबडा. नवशिके वरची चार बोटं उचलतात आणि बाहुला शब्दागणिक छताकडे बघतो. बोटं स्थिर ठेवून अंगठा खाली घ्या, की स्वारी बोलू लागली! बाईंनीही बाहुल्याकडेच बघायचं. बाईंची नजर जिकडे, वर्ग तिकडे.

आता बाहुल्याला चुकू द्या. “सात आठे चोपन्न!” वर्ग उसळतो, “छप्पन्न!” बाहुला हटून बसतो, “कशावरून?” झालं, पोरं खडूचे तुकडे सात-सातने मांडायला लागतात. बाईंनी विचारलं की ती परीक्षा असते, कारण बाईंना उत्तर येतंच. मोज्याला खरंच येत नाही. त्याच्यापुढे कसली आलीय भीती? एरवी तोंड न उघडणारं पोरही त्याला दटावतं.

पण माणूस आणि बाहुला शेजारी बघून पोरं गोंधळत नाहीत? १९६९ साली अमेरिकेत ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमाची तयारी चालली होती. खरी माणसं आणि बाहुल्या एका दृश्यात आणू नका, मुलं गोंधळतील, असं तज्ज्ञांनी बजावलं होतं. चाचणीत दिसलं भलतंच: कार्यक्रमातल्या रस्त्यावर नुसती माणसं आली की मुलांचं लक्ष उडायचं! सल्ला गुंडाळून ठेवला गेला आणि माणसांमध्ये वावरणारा बिग बर्ड हा बाहुला जन्मला.

वेगळा आवाज काढता येत नाही? बिघडलं नाही. बाहुला बाईंच्या कानात कुजबुजतो, बाई मान डोलावतात, आणि मागच्या बाकावरून मोज्याला दम मिळतो, “ए, मोठ्याने सांग ना!”