बाकांमधल्या जागेतले खेळ

रोज किती हालचाल? ५ ते १७ वर्षे वयासाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटे, मध्यम ते जोरकस (जागतिक आरोग्य संघटना, २०२०). ३-४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात मिळून १८० मिनिटे. वर्गातला खेळ हा त्यातला छोटा वाटा. मैदानाच्या तासाची जागा तो घेत नाही.

प्रकार दोन
• मोकळा : दोन तासांच्या मध्ये, अंग सैल करण्यापुरता.
• पाठाशी जोडलेला : हालचाल हेच उत्तर.

तळ्यात-मळ्यात. खडूची एक रेघ पुरते. एका बाजूला तळे, दुसऱ्या बाजूला मळा. हुकमाप्रमाणे उडी, चुकीची उडी पडली की बाद. पाठाशी जोडायचा तर तळे म्हणजे सम संख्या, मळा म्हणजे विषम. बाद झालेल्याला पुढच्या डावापर्यंत नुसते बसावे लागते, आणि हालचालीची गरज बहुधा त्यालाच जास्त असते. म्हणून वर्गात त्याला लगेच परत घेतलेले बरे.

शिवाजी म्हणतो. जागेवरच खेळता येतो. ‘शिवाजी म्हणतो’ हे शब्द आले तरच हुकूम पाळायचा. लक्षपूर्वक ऐकणे आणि स्वतःला आवरणे, दोन्हींचा सराव.

मामाचं पत्र हरवलं. गोल करून बसणे, मागून धावणे. बाके भिंतीला सरकवल्याशिवाय नको.

रेषेवरून चालणे. तोल सांभाळण्याचा माँटेसरी पद्धतीतला व्यायाम. मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह रोममध्ये, १९०७. भारतात ही पद्धत रुजवणाऱ्यांत गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक.

सर्वांसाठी बदल. उडी मारता न येणाऱ्या मुलासाठी डावा-उजवा हात. कमी ऐकू येणाऱ्यासाठी रंगीत कार्ड.