ऑर्डर, ऑर्डर! हे नाव राखीव आहे

माहीत आहे का? डेटाबेसमध्येही रेल्वेसारख्या राखीव जागा असतात! सिलेक्ट, ग्रुप, टेबल, ऑर्डर ही मंडळी तिथे आधीच रुमाल टाकून बसलेली.

समजा, मिठाईच्या दुकानाचं ॲप करताय. पहिलं टेबल कुठलं? ऑर्डर! मायएसक्यूएलमध्ये 'क्रिएट टेबल ऑर्डर' टाइप करा, एंटर दाबा... धाडकन एरर 1064! हा शब्द 'ऑर्डर बाय'साठी, म्हणजे क्रम लावण्यासाठी बुक आहे. पेढ्यांची ऑर्डर वेटिंगवर!

उपाय? नावाला कोट घाला! प्रमाण एसक्यूएलचा कोट म्हणजे दुहेरी अवतरणचिन्हं. मायएसक्यूएलची पसंती बॅकटिकला, एसक्यूएल सर्व्हरची चौकोनी कंसाला. आणि एसक्यूलाइट? तिला तिन्ही चालतात!

पण एकदा घातलेला कोट प्रत्येक क्वेरीत घालावा लागतो. त्यापेक्षा नावच बदला, सुखी व्हाल.

विसरलात तर काय होतं, माहीत आहे का? पोस्टग्रेसमध्ये कोट घालून 'यूझर' टेबल बनवा, हजार ग्राहक भरा आणि मग बिनकोटाचं 'सिलेक्ट स्टार फ्रॉम यूझर' चालवा. एरर नाही! एकच ओळ येते आणि तिच्यात असतं तुमचंच लॉगिनचं नाव. हजार ग्राहक गायब, उरलात तुम्ही एकटे! एररपेक्षा हे जास्त घातक, कारण कुणी ओरडतच नाही.

'ग्रुप' राखीव म्हणून 'ग्रुप्स' नाव ठेवलंत? शाब्बास! पण 2018 साली मायएसक्यूएल 8.0 आली आणि 'ग्रुप्स'ही राखीव झाला. सोबत 'रँक'सुद्धा. गेमच्या लीडरबोर्डवाल्यांनो, कॉलम तपासा!

याच मायएसक्यूएलमध्ये 'इंटरव्हल' राखीव, पण 'बिगिन' आणि 'एंड' मोकळे. 'डेट'ही चालतं. का? लोकांनी ते नाव आधीच इतकं वापरलं होतं की सूट द्यावी लागली. ओरॅकलमध्ये मात्र 'डेट' कडक राखीव!

कायमची सुटका हवी? नावाच्या शेवटी अंडरस्कोर लावा: 'ऑर्डर_'. एसक्यूएलच्या मानकात अंडरस्कोरने सुरू होणारा किंवा संपणारा राखीव शब्द कधीच येणार नाही. आकडा असलेलाही नाही.

आणि आपली देवनागरी? पोस्टग्रेसमध्ये टेबलाला 'विद्यार्थी' नाव द्या, कोटाशिवाय झक्कास चालतं! राखीव शब्द सगळे रोमन लिपीतले, त्यामुळे टक्करच नाही. फक्त नावाची मर्यादा 63 बाइट, आणि यूटीएफ-8मध्ये आपलं प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्राही वेगळा धरून, 3 बाइट खातं. जास्त झालं की पोस्टग्रेस नोटीस देऊन शेपूट छाटतं.

'सार्वजनिक_ग्रंथालय_सभासद' हे नाव भरतं 68 बाइट. कात्री चालल्यावर उरतं काय? 'सार्वजनिक_ग्रंथालय_सभा'. सभासदांची झाली सभा!