सिनेमातलं विमान वेगळं, मुरबाडवरून जाणारं वेगळं

मुरबाड किंवा शहापूरच्या माळावर रात्री उभं राहिलं की मुंबईकडे उतरणाऱ्या विमानांचे दिवे दिसतात. त्या विमानाच्या आत काय चाललं असेल? आपल्यातल्या बहुतेकांच्या डोक्यात जे चित्र असतं ते सिनेमानं काढलेलं असतं. गॉगलवाला पायलट, हसणारी एअर होस्टेस, मग अचानक वादळ, आणि शेवटी हिरो सगळ्यांना वाचवतो.

2022 चा 'रनवे 34' घ्या. 2015 मध्ये दोहाहून कोचीला निघालेलं एक विमान खराब हवामानामुळे शेवटी तिरुवनंतपुरमला उतरलं होतं, त्या घटनेवरून हा सिनेमा सुचला. यातल्या अजय देवगणच्या कॅप्टनला एकदा पाहिलेलं सगळं लक्षात राहतं. पडद्यावर हे भारी वाटतं. खऱ्या कॉकपिटमध्ये मात्र स्मरणशक्तीवर कुणी भरवसा ठेवत नाही. तातडीच्या मोजक्या गोष्टी तोंडपाठ असाव्या लागतात, बाकी सगळं यादी वाचून करायचं. वीस वर्षं विमान उडवलेला कॅप्टनसुद्धा प्रत्येक उड्डाणाआधी तीच यादी वाचून घेतो.

एवढी खबरदारी कशासाठी? याचं एक उत्तर आपल्या शेजारीच आहे.

मुरबाडहून टोकावड्यामार्गे माळशेज घाट चढला की पलीकडे जुन्नर तालुका लागतो. 7 जुलै 1962 च्या मध्यरात्री याच भागातल्या डोंगरावर अलिटालिया कंपनीचं डीसी-8 विमान आदळलं. सिडनीहून निघालेलं हे विमान बँकॉकहून मुंबईला येत होतं. विमानातले सगळे 94 जण गेले.

ना अपहरण झालं होतं, ना कुणी खलनायक होता. चौकशीत निघालेलं कारण एका ओळीचं आहे : आपण मुंबईच्या जितके जवळ आहोत असं वैमानिकांना वाटलं, तितके ते जवळ नव्हते. त्यामुळे विमान लवकर खाली आणलं गेलं, आणि अंधारात समोर सह्याद्री होता.

यावर सिनेमा काढायचा तर दाखवणार काय? चुकलेला अंदाज कॅमेऱ्यात दिसत नाही. पण विमान कंपन्यांचं अर्ध्याहून जास्त काम असे अंदाज चुकू नयेत यासाठीच चालतं. कुठल्या भागात किती उंचीच्या खाली यायचं नाही, हे नकाशावर ठरलेलं असतं. एकानं उंची सेट केली की दुसरा ती बघून मोठ्यानं म्हणतो. जमीन जवळ आली की ओरडून सांगणारी यंत्रणा 1970 च्या दशकात सक्तीची होऊ लागली. आता तर डोंगरांचा नकाशाच विमानाच्या संगणकात असतो.

आणखी एक गोष्ट. सिनेमात विमान उतरत असतानाच पायलट लोक घरगुती भांडणं काढतात. प्रत्यक्षात 10 हजार फुटांच्या खाली कामाव्यतिरिक्त एक शब्द बोलायचा नसतो. उतरताना काही जुळलं नाही तर विमान पुन्हा वर न्यायचं, यालाही कुणी पराक्रम समजत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात हे होतच असतं.

आता केबिनकडे या. 2024 च्या 'क्रू'मध्ये तब्बू, करिना आणि क्रिती सेनन सोन्याच्या तस्करीत अडकतात. ती गंमत सोडून द्या. पण त्यांचे पगार थकलेले असतात, ते मात्र खरं आहे. किंगफिशर 2012 मध्ये आणि जेट एअरवेज 2019 मध्ये बंद पडली तेव्हा कर्मचाऱ्यांचे कित्येक महिन्यांचे पगार अडकले होते.

चहा-सँडविच देणं हा या कामाचा दिसणारा भाग. नियम असा की दर 50 सीटमागे किमान एक केबिन क्रू हवा, म्हणून 180 सीटच्या विमानात चौघं असतात. हा आकडा पाहुणचारासाठी नाही, विमान रिकामं करण्यासाठी आहे. अर्धे दरवाजे बंद धरून सगळे प्रवासी 90 सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे विमानाला परवानगी मिळण्याआधी सिद्ध करावं लागतं. म्हणून प्रशिक्षणात आग विझवणं, दरवाजे उघडणं, पाण्यात उतरायची वेळ आली तर काय करायचं, हे घोटून घेतात. दरवर्षी उजळणी असते, ती वेगळीच.

हे सगळं शहापूर-मुरबाडच्या मुलामुलींना सांगायचं कारण पैशाचं आहे. कल्याण-ठाण्यात 'एअर होस्टेस बना' अशा जाहिराती दिसतात. फी मोठी असते, आणि ती भरायला घरचे सोनं गहाण ठेवायलाही तयार होतात. पण केबिन क्रू होण्यासाठी अशा खासगी डिप्लोमाची सक्ती नाही. वय 18 पूर्ण, बारावी पास आणि वैद्यकीय तपासणीत फिट, एवढी मूळ अट. उंची, भाषा वगैरेंचे निकष कंपनीप्रमाणे बदलतात. कंपन्या खुल्या मुलाखती घेतात आणि निवडलेल्यांना प्रशिक्षण स्वतःच देतात. कोर्समुळे इंग्रजी आणि मुलाखतीची तयारी सुधारू शकते. नोकरीची हमी मिळत नाही, मग जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

पगाराचा मोठा भाग उडालेल्या तासांवर ठरतो, त्यामुळे विमान उशिरा निघतं तेव्हा विमानतळावर काढलेला वेळ बहुतेकदा त्यात धरत नाहीत. पहाटे सहाच्या विमानासाठी पाचच्या आधी हजर व्हावं लागतं. तेवढ्या लवकर विमानतळ गाठायला आसनगावहून लोकल नसते. म्हणजे अंधेरी-मरोळकडे खोली आली आणि भाडं आलं. पहिल्या पगाराचा हिशोब करताना हा खर्च आधी लिहा. कोणी फी मागितली तर एकच विचारा : गेल्या वर्षी तुमच्याकडची किती मुलं कुठल्या कंपनीत लागली, आणि त्यातल्या दोघांशी बोलायला मिळेल का?