लिंबाच्या रसात मासा खरंच ‘शिजतो’ का? नागपुरात सेविचे करून बघण्याआधी हे वाचा

पेरूमधल्या एखाद्या रस्त्यावरची छोटीशी गाडी. गाडीवाला कच्च्या माशाचे चौकोनी तुकडे करतो, त्यावर लिंबं पिळतो, कांदा-मिरची टाकतो आणि काही मिनिटांत प्लेट हातात देतो. ना गॅस, ना तेल. या पदार्थाचं नाव सेविचे. २०२३ मध्ये युनेस्कोने पेरूच्या सेविचे परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं.

असे रील बघून वाटतं, हे तर घरीही जमेल! भोईपुऱ्यातून किंवा मंगळवारी बाजारातून रोहू आणायचा, लिंबू पिळायचं, झालं. पण इथेच थांबायला हवं.

मासा पांढरा कसा होतो?

दुधात लिंबू पिळलं की ते फाटतं आणि पनीर तयार होतं. माशातही साधारण तेच घडतं. लिंबातल्या आम्लामुळे माशातल्या प्रथिनांची रचना बदलते. पारदर्शक मांस पांढरं आणि घट्ट होतं, म्हणून ते शिजल्यासारखं दिसतं.

पण शिजवताना उष्णतेमुळे जंतू आणि परजीवी मरतात. लिंबाचा रस काही जंतू कमी करतो, सगळे मारत नाही. माशातल्या कृमींच्या अळ्या तर त्यातही जिवंत राहू शकतात. म्हणजे मासा शिजलेला दिसतो, पण असतो कच्चाच.

मग पेरूत कसं चालतं?

पेरूला लांबलचक समुद्रकिनारा आहे. तिथे सेविचे प्रामुख्याने समुद्री माशाचं करतात आणि ते परंपरेने दुपारच्या जेवणात खातात. सकाळी पकडलेला मासा दुपारपर्यंत संपवायचा, हा त्यामागचा साधा हिशोब.

तरीही धोका शून्य नाही. १९९१ मध्ये पेरूत कॉलऱ्याची मोठी साथ आली. वर्षभरात ३ लाखांहून जास्त रुग्ण आढळले आणि सुमारे २,९०० जणांचा मृत्यू झाला. दूषित पाण्यासोबतच कच्च्या मासळीवरही तेव्हा बोट ठेवलं गेलं.

नागपूरचा प्रश्न वेगळा का आहे?

नागपूर ते मुंबई हा समृद्धी महामार्गच ७०१ किलोमीटरचा आहे. समुद्री मासा इथे येतो तो बर्फात, लांबचा प्रवास करून. बाजारात ताजा म्हणून मिळणारा मासा बहुतेकदा तलावाचा किंवा धरणाचा असतो : रोहू, कतला, मरळ. भंडारा-गोंदियाचे तलाव तर त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. रस्सा करायला हे मासे उत्तम, पण कच्चे खायला नाहीत.

सिंगापूरचं उदाहरण बघा. २०१५ मध्ये तिथे गोड्या पाण्यातला कच्चा मासा खाल्ल्याने १०० हून अधिक लोकांना जिवाणूंचा गंभीर संसर्ग झाला. त्यातले अनेक जण त्याआधी ठणठणीत होते. ज्या माशांवर संशय आला, त्यातला एक आपल्या मरळीच्याच कुळातला होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सिंगापूरने गोड्या पाण्यातल्या कच्च्या माशांचे तयार पदार्थ विकण्यावर बंदी घातली.

थायलंडच्या ईशान्य भागात ‘कोई प्ला’ नावाचा पदार्थ खातात. त्यातही गोड्या पाण्यातला कच्चा मासा आणि लिंबूच असतं. त्यातून यकृतात शिरणाऱ्या कृमीमुळे पित्तनलिकेचा कॅन्सर होऊ शकतो, हे सिद्ध झालं आहे.

फ्रीजरमध्ये ठेवला तर?

परजीवी मारण्यासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा एक निकष आहे : उणे २० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात ७ दिवस. घरचा फ्रीजर सहसा उणे १८ च्या आसपास असतो. आणि गोठवल्याने जिवाणू मरतातच असं नाही.

फूड ट्रकवर किंवा हॉटेलात सेविचे दिसलं तर?

बिनधास्त विचारा. मासा कोणता, समुद्राचा की तलावाचा? आधी योग्य तापमानात गोठवला होता का? कापल्यावर बर्फावर ठेवला आहे का? नीट उत्तर मिळालं नाही, तर दुसरं काही मागवा. गरोदर महिला, लहान मुलं, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्चा मासा टाळलेलाच बरा.

मग नागपूरकरांनी चव घ्यायचीच नाही का?

घ्यायची की! पेरूच्या शेजारच्या इक्वाडोरमध्ये झिंग्यांचं सेविचे करतात. त्यात झिंगे आधी उकळून घेतात, मग लिंबासोबत संत्र्याचाही रस घालतात आणि सोबत चक्क मक्याच्या लाह्या देतात.

झिंगे साफ करून पूर्ण शिजवा आणि थंड करा. त्यावर कागदी लिंबू, संत्र्याचा रस, पातळ चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि मीठ घाला. लगेच खा, उरवून ठेवू नका. संत्र्यासाठी तर नागपूरकरांना लांब जायची गरजच नाही.